चित्रपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न : ठाण्यातील एका समीक्षकाची उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबईतील ग्रंथालये, महाविद्यालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ येथे चित्रपटांवर बोलण्याचा प्रसंग वरचेवर येतो. श्रोते बदलतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. त्यांपैकी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही माझी मते आहेत आणि ती सर्वांना पटावीत असा आग्रह नाही. प्रत्येक मतामागचे कारण मात्र सांगितले आहे, कारण नुसते मत वाचकाच्या काही कामाचे नसते.

एखादा चित्रपट चांगला आहे की नाही, हे आपण कशावरून ठरवता?

विषयावरून ठरवत नाही, एवढे आधी सांगतो. आपल्याकडे चित्रपटाची चर्चा बहुधा विषयापाशी सुरू होते आणि विषयापाशीच संपते. चित्रपट शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आहे, स्त्रीच्या घुसमटीवर आहे किंवा जातिव्यवस्थेवर आहे, एवढे कळले की गुण देऊन मोकळे होण्याची सवय प्रेक्षकांना आहे, परीक्षकांना आहे आणि समीक्षकांनाही आहे. पण त्याच विषयावर वर्तमानपत्रात लेख लिहिता आला असता किंवा व्याख्यान देता आले असते. दिग्दर्शकाने त्यासाठी कॅमेरा, आवाज, नटमंडळी आणि आपले दोन तास खर्ची घातले, त्यातून लेखात किंवा व्याख्यानात मिळाले नसते असे काय मिळाले, हे मी पाहतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मधील (२०१३) एक प्रसंग पाहा. जब्या या दलित मुलाचे कुटुंब गावातले डुक्कर पकडण्यासाठी धावपळ करत आहे, शाळेतली मुले मजा बघत आहेत, डुक्कर आता हाती लागणार आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, त्याच्यामागोमाग घरातले सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात आणि डुक्कर त्यांच्या देखत निघून जाते. या प्रसंगात कोणीही भाष्य करत नाही. प्रेक्षागृहात हशा पिकतो आणि आपण नेमके कशाला हसलो, हे हसणाऱ्याला पुढच्या काही क्षणांत उमगते. नागरिकत्व आणि जात यांच्यातील ताण इतक्या थोडक्यात मांडणारे व्याख्यान माझ्या ऐकण्यात नाही. ‘फँड्री’ मोठा ठरतो तो अशा प्रसंगांच्या रचनेमुळे. केवळ विषयाच्या बळावर तो मोठा ठरला असता, तर त्या विषयावरचे सगळेच चित्रपट मोठे ठरले असते.

मग सामाजिक संदेश देणाऱ्या चित्रपटांना आपण पाठबळ देऊ नये का?

तिकीट काढून अवश्य द्यावे. परीक्षण लिहिताना ते देणे माझे काम नाही. हेतू चांगला होता म्हणून फसलेल्या चित्रपटाची पाठ थोपटली, तर ज्यांनी तोच हेतू मेहनतीने पडद्यावर उतरवला, त्यांच्यावर अन्याय होतो.

आपण तारे का देत नाही?

तारे मोजले की मजकूर वाचला जात नाही. शिवाय साडेतीन तारे म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘सैराट’चा उत्तरार्ध रटाळ आहे, असे आपल्याला वाटत नाही का?

हा प्रश्न चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून, म्हणजे एप्रिल २०१६ पासून, आजतागायत विचारला जातो आणि विचारणाऱ्याची तक्रार खोटी नाही. उत्तरार्धात वेग मंदावतो, रंग विटतात, गाणी बंद होतात. फक्त हे दिग्दर्शकाच्या हातून निसटलेले नाही, त्याने ते जाणूनबुजून केलेले आहे.

पूर्वार्ध हा आपण आजवर पाहिलेल्या सगळ्या प्रेमपटांना दिलेला मोकळा होकार आहे. विहिरीतल्या उड्या, मंद गतीतली धाव, उसाचे फड, बुलेटवरून येणारी आर्ची आणि त्या सगळ्यावर पसरलेले अजय-अतुल यांचे संगीत, ज्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले गेले. चारही गाणी मध्यंतरापूर्वीच संपतात. प्रेमपटाच्या नियमाप्रमाणे दोघे पळून गेले की गोष्ट संपायला हवी. ‘सैराट’ तिथून पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीत जातो आणि पळून गेल्यावर राहायचे कुठे, खायचे काय, सार्वजनिक शौचालयात जायचे कसे, हे दाखवू लागतो. गावात ट्रॅक्टर चालवणारी मुलगी इथे घाणीच्या वासाने कासावीस होते आणि तिच्यावर जीव ओवाळून टाकणारा परश्या संशयापोटी तिच्यावर हात उगारतो. झिंगाटवर नाचलेल्या प्रेक्षकाला हे नको असते. त्याला जे नको आहे ते शांतपणे दाखवत राहण्याची हिंमत हाच या उत्तरार्धाचा गुण आहे.

आणि शेवट. शेजारीण लहानग्याला घरी आणून सोडते, दार उघडे असते, आणि त्यानंतर ध्वनिपट्टी पूर्ण रिकामी होते. मुलाचे रडणे दिसते, पण ऐकू येत नाही. रक्ताने माखलेली इवली पावले उमटत जातात. ज्या संगीताने तासभर आपल्याला उचलून धरले होते, ते काढून घेतल्यावर प्रेक्षागृहात काय शिल्लक राहते, याचा अनुभव भरलेल्या प्रेक्षागृहात घेतला असेल तरच या चित्रपटाविषयी बोलावे, असे मला वाटते. जगभरात शंभर कोटींहून अधिक गल्ला गोळा करणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला, हे सर्वांना ठाऊक आहे. असा शेवट असूनही त्याने तो गोळा केला, याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

‘कोर्ट’मध्ये तर काहीच घडत नाही. त्याला एवढे पुरस्कार का मिळाले?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, पाठोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. एवढी कीर्ती ऐकून गेलेला प्रेक्षक न्यायालयीन नाट्याची अपेक्षा धरून बसतो आणि त्याच्यासमोर तारखांमागून तारखा पडत राहतात.

पण आपली न्यायालये चालतात तशीच. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. आरोप इतका हास्यास्पद आहे की कोणताही दुसरा दिग्दर्शक त्यावर जळजळीत संवाद लिहून टाळ्या घेईल. ताम्हाणे कॅमेरा खोलीच्या एका टोकाला ठेवतात आणि तो हलवत नाहीत. न्यायाधीश, कारकून, वकील, पुढच्या खटल्याची वाट पाहत बसलेली माणसे, सगळी एकाच चौकटीत असतात आणि कोणाकडे पाहायचे, हे आपले आपण ठरवायचे असते. शाहिराच्या भूमिकेतील वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, त्यामुळे त्यांच्या वावरण्यात अभिनयाचा ताण कुठेच जाणवत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवून जातो तो सरकारी वकील नूतन हिचा भाग. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका केली आहे. न्यायालयात एका माणसाला वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवण्याची मागणी एकसुरी आवाजात वाचून दाखवणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते आणि परप्रांतीयांची टिंगल करणाऱ्या विनोदांवर सगळ्यांबरोबर हसते. ती आपल्याच डब्यात, आपल्याच शेजारी बसलेली असते. तिला खलनायिका केले असते तर आपली सुटका झाली असती. चित्रपट ती सुटका करू देत नाही. म्हणून, काहीच घडत नाही असे म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा फक्त तिच्याकडे लक्ष ठेवून हा चित्रपट पुन्हा पाहावा.

‘अशी ही बनवाबनवी’ला अभिजात म्हणणे अतिशयोक्ती नाही का?

नाही. १९८८ मधील या चित्रपटाचे मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटात आहे, म्हणून त्याला उसना म्हणणारे लोक भेटतात. मूळ चित्रपट आज किती जणांच्या स्मरणात आहे, हे त्यांनी स्वतःला विचारावे. वसंत सबनीस यांनी संवाद असे लिहिले आहेत की धनंजय माने, परशुराम, लीलाबाई काळभोर ही माणसे पुण्याबाहेर कुठे जन्मू शकली असती असे वाटतच नाही.

विनोदी चित्रपटांच्या बाबतीत आपण संवादांवर भाळतो. सत्तर रुपये वारल्याचा किस्सा घरोघरी सांगितला जातो, पण तो सांगताना अशोक सराफ यांच्या चेहऱ्यावर जो साळसूद गंभीरपणा असतो, तो कोणालाच साधत नाही. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर यांनी बऱ्याच ठिकाणी दोन-तीन नट एकाच चौकटीत राहू दिले आहेत. त्यामुळे एक बोलत असताना दुसऱ्याची उडणारी तारांबळ आपल्याला त्याच वेळी दिसते. ‘हा माझा बायको पार्वती’ या वाक्याला हशा मिळतो तो स्त्रीवेशातल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बावचळलेल्या उभे राहण्यामुळे आणि समोरच्या घरमालकीण लीलाबाई झालेल्या नयनतारा यांच्या संशयी नजरेमुळे. अलीकडच्या विनोदी चित्रपटांत प्रत्येक वाक्यावर कॅमेरा बोलणाऱ्याच्या तोंडाशी नेला जातो, पार्श्वसंगीत हसण्याची सूचना देते आणि हसू मात्र येत नाही.

दोष आहेतच. उत्तरार्धात गाणी ओळीने येतात आणि कथा थबकते. तरीही भाड्याच्या खोलीसाठी खोटे बोलावे लागणे ही अडचण ज्या शहरांत अजून संपलेली नाही, त्या शहरांत हा चित्रपट जुना होणार नाही. घणसोलीत किंवा कोपरखैरणेत खोली शोधणाऱ्या अविवाहित मुलांना विचारून पाहावे.

कृष्णधवल चित्रपट मुलांना कंटाळवाणे वाटतात. सुरुवात कोठून करावी?

‘जगाच्या पाठीवर’पासून (१९६०) करावी. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही त्रयी एकत्र आली की लहान मुलेसुद्धा बसून पाहतात. त्यानंतर प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांकडे वळावे.

‘संत तुकाराम’ (१९३६) हा मी कोणाही विद्यार्थ्याला दाखवीन. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांपैकी एक ध्वनिमुद्रणातला, दुसरा कलादिग्दर्शनातला जाणकार होता आणि ते चित्रपटात पावलोपावली जाणवते. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाला सगळे हात जोडतात. माझे लक्ष मात्र गौरी यांनी साकारलेल्या तुकारामाच्या बायकोवर, आवलीवर खिळते. चमत्कार घडत असताना ही बाई म्हैस, चूल आणि पोरांची पोटे यांचा हिशेब सोडत नाही, विठोबाला शिव्या घालते आणि भक्तिपटाचे पाय जमिनीवर ठेवते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची वाखाणणी झाली. जाता जाता सांगायचे म्हणजे, ‘आधी बीज एकले’ हा त्यातील अभंग अनेक जण तुकोबांचाच समजतात. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला होता.

मुले थोडी मोठी असतील तर ‘कुंकू’ (१९३७) दाखवावा. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या चित्रपटात रूढ पार्श्वसंगीत टाळलेले आहे. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, घरात जे वाजेल तेच आपल्याला ऐकू येते. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेचा संताप शांता आपटे यांनी असा उभा केला आहे की जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही त्यात दया मागणारा सूर सापडत नाही.

एक सूचना. हे चित्रपट इंटरनेटवर कुठल्याही प्रतीत पाहू नयेत. आवाज खरखरत असेल आणि चेहरे धुरकट दिसत असतील तर मुलांना कंटाळा येणारच, आणि त्याचे खापर विनाकारण चित्रपटावर फुटेल.

‘सिंहासन’ आजच्या राजकारणालाही लागू पडतो, असे म्हटले जाते. आपले मत काय?

लागू पडतो, पण एवढ्यासाठीच तो पाहिला जावा याचे मला वाईट वाटते. कोणता नेता म्हणजे आजचा कोण, हा खेळ घटकाभर रंगतो. जब्बार पटेल यांचे खरे कसब निराळे आहे. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकर यांनी एका पटकथेत गुंफल्या, त्यामुळे मंत्रालयातली खेळी आणि रस्त्यावरचा संप ही एकाच शहराची दोन अंगे म्हणून दिसतात. अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री जिवाजीराव जवळजवळ कधीच आवाज चढवत नाहीत. डॉ. श्रीराम लागू यांचे विश्वासराव अस्वस्थतेत ताटकळत राहतात. आणि एरवी ज्यांना आपण पाटलाच्या फेट्यात पाहिले, ते निळू फुले इथे दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, ज्यांच्याकडे सगळी माहिती आहे आणि जे काहीही करू शकत नाहीत. त्यांचे शेवटचे हसणे पाहताना, ‘सिंहासन’च्या चार वर्षे आधीच्या ‘सामना’मध्ये याच नटाने हिंदुराव धोंडे-पाटील रंगवला होता हे आठवावे. दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दिवशी पाहिले तर अभिनयाची वेगळी कार्यशाळा करावी लागणार नाही.

आपल्या ठाण्याचे चित्रण असलेल्या चित्रपटांविषयी आपण फारसे लिहीत नाही. ‘धर्मवीर’ आवडला नाही का?

‘धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे’ (२०२२) हा प्रवीण तरडे यांचा चित्रपट ठाण्यात एखाद्या सोहळ्यासारखा पाहिला गेला. चित्रपटाचे नायक, शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे शेजारच्या खुर्चीत असताना परीक्षणाची भाषा जपून वापरावी लागते. प्रसाद ओक यांनी चालणे, बसणे आणि नजर यांचा अभ्यास केला आहे आणि तो दिसतो. चित्रपट म्हणून माझी हरकत अशी आहे की जवळजवळ प्रत्येक प्रसंग एकाच साच्यात बसवला आहे. कोणीतरी गाऱ्हाणे घेऊन येते, नायक न्याय करतो, संगीत उसळते. नायकाला संकोच वाटला, निर्णय घेताना तो अडखळला, असा क्षण चित्रपट शोधत नाही. श्रद्धा असणाऱ्यांना याची उणीव भासणार नाही आणि तो त्यांचा हक्क आहे.

चरित्रपटात माणूस कसा शिल्लक ठेवावा, हे पाहायचे असेल तर ठाण्यात ज्यांच्या नावाने नाट्यगृह उभे आहे त्या नटावरील ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) पाहावा. सुबोध भावे यांचे घाणेकर लोकप्रियतेच्या शिखरावर आहेत, व्यसनी आहेत, हेवा करतात, आणि तरीही ‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातील लाल्याच्या भूमिकेत रंगमंचावर आले की आपण शिट्टी वाजवायला तयार असतो.

जिल्ह्याचे खरे वर्णन मात्र निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) आहे. त्याची सुरुवातीची काही मिनिटे पाहा. गजर, अंघोळ, डबा, फलाट, गर्दी, कचेरी, परतीची गर्दी, पुन्हा गजर. तेच तुकडे पुन्हा पुन्हा, आणखी वेगाने जोडत नेले आहेत. संदीप कुलकर्णी यांचा माधव आपटे नंतर हातात बॅट का घेतो, हे समजायला संवादाची गरजच उरत नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध मला तितकासा पटत नाही, कारण एकट्या माणसाने यंत्रणा सुधारण्याचे स्वप्न तो जरा जास्तच रंगवतो. ती सुरुवात मात्र ठाणे स्थानकात सकाळी साडेआठला उभ्या असलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

अलीकडच्या मराठी चित्रपटांपैकी कोणते पाहावेत?

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ (२०२५) प्रथम. सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातील सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या विधींसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील प्रेमाची ही गोष्ट आहे. समलिंगी प्रेम हा विषय ऐकूनच काही जण तो पाहायला गेले आणि काही जण गेले नाहीत. दोघांनीही चूक केली, असे मी म्हणेन, कारण या चित्रपटाचा जीव त्याच्या संथपणात आहे. कॅमेरा स्थिर राहतो, माणसे चौकटीत येतात, बसतात, गप्प राहतात. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात आणि आईला सगळे ठाऊक असूनही ती ते सांभाळून नेते. आपल्या घरांत गोष्टी न बोलता कशा मान्य केल्या जातात, हे मी इतक्या नेमकेपणाने फार क्वचित पाहिले आहे.

सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ (२०२५) दिलीप प्रभावळकर यांच्यासाठी पाहावा. दृष्टी मंदावत चाललेला म्हातारा कलावंत बाबुली मेस्त्री भूमिकेसाठी चेहरा रंगवायला बसतो, ते प्रसंग उत्तम आहेत. पुढे कथा सूडाच्या वाटेला लागते, ध्वनी कर्कश होतो आणि कोकणातल्या खाणींचा प्रश्न नायक-खलनायकाच्या हाणामारीत विरून जातो. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) हा थोडक्यात आटोपणारा, चलाख आणि काळ्या विनोदाचा चित्रपट आहे. त्याविषयी अधिक सांगितले तर तो पाहण्याची मजा जाईल.

‘बाईपण भारी देवा’विषयी (२०२३) विचारल्याशिवाय एकही सभा संपत नाही. सहा बहिणींच्या या गोष्टीत नट्या एकापेक्षा एक आहेत, पण प्रत्येकीचे दुःख आळीपाळीने मांडून आळीपाळीने सोडवले जाते आणि केदार शिंदे त्या मांडणीत कुठेही धोका पत्करत नाहीत. नऊवारी नेसून गटागटाने आलेल्या बायकांनी प्रेक्षागृहातच फेर धरला, हे मात्र मराठी चित्रपटाला फार वर्षांनी लाभलेले भाग्य होते आणि परीक्षणात त्याला खोट लावण्याचे मला कारण दिसत नाही.

कादंबरीवर आधारित चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक असावा का?

असलाच पाहिजे असे नाही. ‘श्यामची आई’चे उदाहरण घ्या. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि वनमाला व माधव वझे यांचे चेहरेच पुस्तकाचे चेहरे होऊन बसले. सत्तर वर्षांनी सुजय डहाके यांनी तेच पुस्तक पुन्हा हाती घेतले, पुन्हा कृष्णधवल रंगातच, परंतु त्यांनी तुरुंगात गोष्टी सांगणारे साने गुरुजी मध्यभागी आणले. अत्रे यांना आई हवी होती, डहाके यांना आठवण सांगणारा मुलगा हवा होता. दोघांनीही पुस्तकातून आपापले निवडले. अत्रे यांच्या चित्रपटात भावनेचा पूर अडवणारे काही नाही आणि आजच्या डोळ्यांना तो कधी कधी जड होतो, पण नव्या चित्रपटातील देखण्या चौकटी जिथे नुसत्या देखण्या राहतात, तिथे जुन्याची ऊब आठवते.

समीक्षकांनी झोडपलेले चित्रपट तुफान चालतात. मग समीक्षेचा उपयोग काय?

या प्रश्नाबरोबर ‘शोले’चे उदाहरण हमखास येते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा परीक्षणे थंड होती आणि पुढे मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला, हे खरे आहे. चित्रपट किती चालेल, याचे भाकीत करणे हा वितरकाचा धंदा आहे. समीक्षकाने काय पाहावे, तर उदाहरणार्थ त्यातील मालगाडीवरचा हल्ला, जो आपल्या पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर कित्येक आठवडे खपून चित्रित केला गेला. घोडे कोणत्या दिशेने येतात, गाडी कोणत्या दिशेने जाते, कोण कोणापासून किती अंतरावर आहे, याविषयी प्रेक्षकाचा एकदाही गोंधळ उडत नाही. आजच्या कोट्यवधींच्या हाणामाऱ्यांत पहिल्या अर्ध्या मिनिटात दिशा हरवते. एवढे दाखवून देता आले तरी समीक्षेने आपले काम केले.

मराठी चित्रपट घरी पाहावा की चित्रपटगृहात?

शक्य असेल तर चित्रपटगृहात, आणि पहिल्याच आठवड्यात. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपटाचा खेळ लावण्याचे बंधन घातले, पण दुपारी साडेबाराचा खेळही त्यात बसतो आणि नोकरदार माणूस मंगळवारी साडेबाराला वाशीच्या मॉलमध्ये कसा पोहोचणार, हा प्रश्न राहतोच. दुसऱ्या शुक्रवारी चित्रपट उतरवला जातो आणि प्रेक्षक येत नाहीत असा निष्कर्ष काढला जातो. नवी मुंबईतील एका मल्टिप्लेक्समध्ये तर मी एक मराठी चित्रपट इतक्या मंद दिव्यावर पाहिला की रात्रीचे प्रसंग आवाजावरूनच समजून घ्यावे लागले. अशा वेळी मध्यंतराची वाट न पाहता बाहेर जाऊन तक्रार करावी. व्यवस्थापक पहिल्यांदा दुर्लक्ष करतो, चार प्रेक्षक एकत्र गेले की प्रक्षेपण कक्षात फोन जातो.

कोणता जुना मराठी चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर यावा असे आपल्याला वाटते?

‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील जब्बार पटेल यांचा हा चित्रपट कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर आदिवासींच्या जगात घडतो, म्हणजे आज पनवेलकर सुटीच्या दिवशी जिथे पक्षी बघायला जातात, तिथे. राणीमाशी डसून एक डोळा गेलेला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्यांवर सूड घ्यायचे ठरवतो आणि चिंधी त्याला साथ देते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील ठाकरवाडीत इतके मिसळून गेले आहेत की शहरी नटांची ओळख पुसली जाते. ना. धों. महानोर यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत सर्वांच्या ओठी आहे, पण ती गाणी केवळ ऐकणाऱ्यांना हे माहीत नसते की चित्रपटात ती कथा पुढे नेतात. जिथे एरवी संवाद आला असता, तिथे इथे समूहगान येते.

घरच्या पडद्यावर त्या डोंगराची उंची कळत नाही आणि ती कळली नाही तर नाग्याचा हट्ट केवळ वेडेपणा वाटतो. चित्रपटाची चांगली प्रत तयार करून ती ठाण्यात आणि पनवेलमध्ये निदान एकेक आठवडा, संध्याकाळच्या वेळी दाखवावी, अशी मागणी मी बोलायला जातो तिथे करतो. ज्यांच्या ओळखीत वितरक असतील, त्यांनीही ती करावी.